कर्जफेडीनंतरची उद्दिष्टे व दिनक्रम : हिमायतनगर परिसरातील शेतकरी कुटुंबाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. कर्ज का होते, ते का थकते आणि शासनाने ते माफ करावे की नाही, या प्रश्नांची चर्चा विधिमंडळापासून गावच्या पारापर्यंत सातत्याने होत असते. त्या मानाने कर्ज फिटल्यानंतर त्या कुटुंबाचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक पाहता कर्जमुक्तीचे खरे यशापयश याच टप्प्यावर ठरते. प्रस्तुत लेखात कर्जफेडीनंतर कुटुंबापुढे निर्माण होणारी परिस्थिती, पुन्हा कर्जाकडे वळण्याची कारणे आणि नव्या उद्दिष्टांची व दिनक्रमाची आखणी यांचे विवेचन केले आहे.

हिमायतनगर, म्हणजे पूर्वीचे वाढोणा, हा नांदेड जिल्ह्यातील पैनगंगेच्या खोऱ्यातील तालुका होय. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा व हळद ही येथील प्रमुख पिके. बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने कर्ज हा येथील शेतीव्यवहाराचा नित्याचा भाग बनला आहे. ही स्थिती या तालुक्यापुरती मर्यादित नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ मधील ७७ व्या फेरीनुसार देशातील ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती व प्रतिकुटुंब सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते.

कर्जमुक्तीचे मार्ग :
कर्जातून सुटण्याचे तीन मार्ग दिसतात : स्वतःच्या उत्पन्नातून फेड, एकरकमी तडजोड आणि शासकीय माफी. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाल्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. परंतु मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता. स्वातंत्र्योत्तर काळात २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना हे महत्त्वाचे टप्पे होत. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंतच्या व २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाचा विचार झाला. अवघ्या अडीच वर्षांत दुसरी योजना आणावी लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे. कर्ज गेले, तरी कर्ज निर्माण करणारी परिस्थिती तशीच राहिली, असा तिचा अर्थ होतो.

कर्जफेडीनंतरची पोकळी :
कर्जाचा संबंध पैशाइतकाच काळाशीही असतो. कर्ज असलेल्या घराचे सारे वर्ष त्याच्याभोवती बांधलेले असते. मृगात पेरणीसाठी उचल, कृषी सेवा केंद्राची उधारी, दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची घाईने विक्री, कापसाच्या वेचणीबरोबर आडत्याचा हिशोब आणि मार्चअखेर सोसायटीचे 'नवे-जुने', असा हा क्रम असतो. घरातील खर्चाचा प्रत्येक निर्णय 'आधी कर्ज, मग बाकी' या एकाच कसोटीवर होतो. ही कसोटी जाचक असली, तरी तिच्यामुळे घराला एक शिस्त लागलेली असते. कर्ज फिटताच जाच संपतो आणि त्याबरोबर शिस्तही सुटते. वर्षानुवर्षे जे एकमेव उद्दिष्ट होते ते साध्य झाल्यावर आता कशासाठी राबायचे, हा प्रश्न कर्त्या माणसापुढे उभा राहतो. ही अवस्था आळसाची अथवा कृतघ्नपणाची नसून जुनी चौकट गळून पडल्याची आहे.

याउलट कर्जमुक्तीचा मानसिक लाभही मोठा असतो. सिंगापूर येथे दीर्घकाळ कर्जात असलेल्या अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका धर्मादाय योजनेतून त्यांची कर्जे फेडल्यानंतर त्यांची चिंता कमी झाली आणि निर्णयक्षमता सुधारली. विशेष म्हणजे, किती रक्कम फिटली यापेक्षा किती वेगवेगळी कर्जखाती बंद झाली याचा परिणाम अधिक दिसला. मनावरचा भार रकमेबरोबरच देण्यांच्या संख्येनेही वाढतो, असे यावरून म्हणता येते. सोसायटी, बँक, दुकानदार, आडत्या व नातेवाईक अशा पाच ठिकाणी थोडेथोडे देणे असणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. कर्जफेडीनंतर जी मोकळीक मिळते ती नियोजनासाठी अत्यंत अनुकूल असते. परंतु ती फार काळ टिकत नाही.

पुन्हा कर्जाकडे वळण्याची कारणे :
या संदर्भात अर्थशास्त्रज्ञ डीन कार्लन, सेंधिल मुल्लैनाथन व बेंजामिन रॉथ यांचा प्रयोग उल्लेखनीय आहे. त्यांनी चेन्नई व फिलिपाइन्समधील बाजारांतील किरकोळ विक्रेत्यांचे चढ्या व्याजाचे सावकारी कर्ज फेडून टाकले. बहुसंख्य विक्रेते सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात गेले आणि एक-दोन वर्षांनंतर त्यांच्यात व कर्ज न फेडलेल्या विक्रेत्यांत काही फरक उरला नाही. २००८ च्या कर्जमाफीचा गुजरातमधील परिणाम अभ्यासणाऱ्या मार्टिन कांझ यांनाही लाभार्थ्यांची शेतीतील गुंतवणूक अथवा उत्पादकता वाढल्याचे आढळले नाही. शेतकरी व बाजारातील विक्रेता यांची परिस्थिती भिन्न असली, तरी केवळ कर्ज काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

हिमायतनगरसारख्या परिसरात याची मुख्यतः तीन कारणे संभवतात. पहिले कारण साचलेल्या गरजांचे. कर्जाच्या काळात पुढे ढकललेले लग्न, घराचे बांधकाम, दवाखाना, मुलांचे शिक्षण हे सारे एकदम दाराशी येते. दुसरे कारण पत वाढण्याचे. सात-बारा कोरा झाला की कर्ज मिळणे सुलभ होते. दुकानदारही उधारीचा हात सैल सोडतो. माल्कम डार्लिंग यांनी १९२५ मध्ये पंजाबातील शेतकऱ्यांविषयी लिहिताना समृद्धीबरोबर पत व पतीबरोबर कर्ज वाढते हे दाखवून दिले होते. त्यांचे हे निरीक्षण आजही लागू पडते. तिसरे कारण निसर्गाचे. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. ज्यांच्याजवळ शिल्लक नव्हती त्यांना पुढच्या पेरणीसाठी उसनवारीवाचून पर्याय उरला नाही. पहिल्या कारणाला क्रम लावून व दुसऱ्याला संयमाने तोंड देता येते. तिसऱ्यासाठी मात्र आधी साठवलेला पैसाच लागतो.

प्रथम करावयाची कामे :
कर्ज फिटल्यावर लगेच काही कागदोपत्री कामे पूर्ण करणे अगत्याचे असते. बँकेकडून अथवा सोसायटीकडून बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे. त्या आधारे तलाठी कार्यालयात अर्ज देऊन सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यातील बोजा कमी करून घ्यावा आणि फेरफार झाल्यानंतर नवा उतारा काढून पाहावा. पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळतो. त्यात खाते बंद दाखविले आहे की 'तडजोडीने मिटविले' असे नोंदले आहे, हे तपासावे. तडजोडीची नोंद पुढील कर्जाच्या वेळी अडचणीची ठरू शकते. खासगी देणे असल्यास दिलेली चिठ्ठी, कोरे धनादेश व मुद्रांक परत घेतल्याशिवाय व्यवहार संपला असे मानू नये.

नव्या उद्दिष्टांची आखणी :
जी रक्कम दरवर्षी कर्जफेडीत जात होती, तिचे स्थान रिकामे राहू न देणे हे नियोजनाचे मूलतत्त्व होय. उदाहरणादाखल, एखादे कुटुंब वर्षाला ६०,००० रुपये फेडत होते असे समजू. कर्ज संपल्यानंतरही त्याच महिन्यांत, तेवढीच रक्कम बाजूला काढावी. त्यापैकी ३०,००० रुपये पेरणी निधी म्हणून मुदत ठेवीत, २०,००० रुपये साचलेल्या गरजांपैकी ठरविलेल्या एका गरजेसाठी आणि १०,००० रुपये आजारपण व अडीअडचणीसाठी, अशी विभागणी करता येईल. दोन वर्षांत पेरणी निधी ६०,००० रुपयांचा होतो. म्हणजे एक हंगाम बुडाला तरी एका वर्षाच्या हप्त्याइतकी रक्कम हाताशी राहते.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली राज्यात खरीप २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास शून्य टक्के व्याजाने उपलब्ध झाले. मग स्वतःचा पैसा कशासाठी अडकवावा? याचे उत्तर 'मुदतीत' या शब्दात आहे. ही सवलत वेळेवर फेडणाऱ्यालाच मिळते. पीक बुडालेल्या वर्षी वेळेवर फेड व्हावी, यासाठीच पेरणी निधी हवा. पीककर्जाला पर्याय म्हणून तो उभारावयाचा नसून त्या कर्जाचे थकबाकीत रूपांतर होऊ नये म्हणून उभारावयाचा आहे. कर्ज मुळीच न घेणे हे प्रत्येकासाठी व्यवहार्य उद्दिष्ट नाही. हंगामात घेतलेले हंगामात फेडता येईल एवढेच घेणे, हे मात्र शक्य कोटीतील उद्दिष्ट आहे.

कर्जमुक्त शेतकऱ्याला मिळणारा आणखी एक लाभ म्हणजे थांबण्याची ताकद. देणेकरी दाराशी नसल्यास काढणीच्या गर्दीत माल विकण्याची सक्ती राहत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घेण्याची सोय सोयाबीन, तूर, हळद आदी पिकांसाठी आहे. हे कर्जच असले, तरी हाती असलेल्या मालावरचे असल्याने त्याचे स्वरूप वेगळे आहे. तथापि, थांबल्याने भाव वाढेलच असे नाही, याचे भान ठेवले पाहिजे. पीकविम्याचाही हिशोब आता नव्याने मांडावा लागतो. २०२३ पासून राज्यात सुरू असलेली एक रुपयातील विमा योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली असून शेतकऱ्याला आपल्या वाट्याचा हप्ता भरावा लागतो.

दिनक्रमाची पुनर्रचना :
उद्दिष्टे कागदावर राहू नयेत, यासाठी त्यांना दिनक्रमात स्थान द्यावे लागते. रोजचा जमाखर्च सायंकाळी पाच मिनिटे वहीत टिपणे, महिन्यातून एकदा कुटुंबाने एकत्र बसून तो वाचणे आणि पाडव्याला सालगड्याचा व्यवहार ठरतो त्याच वेळी वर्षाचा अंदाज मांडणे, ही साधी पद्धत पुरेशी आहे. या बैठकीत स्त्रियांचा सहभाग अनिवार्य मानावा. बचत गटांत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व लेखे या पंचसूत्रीचा सराव अनेक महिलांनी वर्षानुवर्षे केला आहे. गटात जे कौशल्य त्या दाखवितात, त्याला घरच्या हिशोबात वाव मिळत नाही, हा विरोधाभास दूर होणे आवश्यक आहे. लग्नकार्य व यात्रा-जत्रा यांतील खर्च टाळता येत नाही. परंतु त्याची मर्यादा आधी ठरवून ठेवता येते.

महाविद्यालयांची भूमिका :
ग्रामीण महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी अशाच घरांतून येतात. घरातील पहिला जमाखर्च लिहिणारी व्यक्ती बहुधा तेच असू शकतात. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी सात-बारा वाचन, व्याजाची आकारणी, पतमाहिती अहवाल यांचे प्रात्यक्षिक घ्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमातील क्षेत्रप्रकल्पासाठी 'कर्जमुक्तीनंतरची तीन वर्षे' हा विषय सहज घेता येण्याजोगा आहे. मात्र कुटुंबांची ओळख व त्यांचे आकडे गोपनीय ठेवण्याची दक्षता घ्यावयास हवी. गावात कर्जाइतकीच शिल्लकही लपविली जाते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कर्जफेड हा एका प्रक्रियेचा शेवट असला, तरी आर्थिक स्थैर्याच्या दृष्टीने ती केवळ सुरुवात होय. कर्जाने दिलेली शिस्त कर्ज गेल्यावरही टिकवून तिचा रोख बचतीकडे वळविणे, देण्यांची संख्या वाढू न देणे, साचलेल्या गरजांना क्रम लावणे आणि निर्णयात साऱ्या कुटुंबाला सामील करून घेणे, या गोष्टी माफीच्या शासननिर्णयाने साध्य होत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाऊस, बाजारभाव व विमा यांची अनिश्चितता कुटुंबाच्या शिस्तीने दूर होत नाही. ती जबाबदारी शासनाचीच राहते. या दोहोंची सांगड बसली, तरच कोरा झालेला सात-बारा पुढच्या हंगामातही कोरा राहण्याची शक्यता निर्माण होते.