मेयो काउंटी गेलिक फुटबॉल संघ

मेयो काउंटी गेलिक फुटबॉल संघ हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतातल्या मेयो काउंटीचे प्रतिनिधित्व करणारा गेलिक फुटबॉल संघ आहे. कॅसलबार येथील मॅकहेल पार्क हे संघाचे मैदान असून गणवेशाचे रंग हिरवा व तांबडा आहेत. संघाने १९३६, १९५० व १९५१ या वर्षी अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. त्यानंतर २०२१ पर्यंत संघ अकरा वेगवेगळ्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला आणि प्रत्येक वेळी पराभूत झाला.

पार्श्वभूमी

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असतात व चेंडू हात आणि पाय या दोहोंनी खेळला जातो. परंपरागत नियमांनुसार गोलाला तीन गुण, तर आडव्या दांड्यावरून गेलेल्या चेंडूला एक गुण मिळतो. त्यामुळे १-१७ या गुणसंख्येचा अर्थ एक गोल व १७ गुण, म्हणजे एकूण २० गुण, असा होतो.

१८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन हा खेळ हौशी तत्त्वावर चालवते. खेळाडूंना वेतन मिळत नाही व त्यांची खरेदी-विक्री होत नाही. काउंटीचा संघ सामान्यतः तेथे जन्मलेल्या किंवा तेथील क्लबांत खेळणाऱ्या खेळाडूंमधूनच निवडला जातो. २०२२ च्या जनगणनेनुसार मेयोची लोकसंख्या सुमारे १ लाख ३८ हजार, तर डब्लिनची १४ लाखांहून अधिक आहे.

सुवर्णकाळ

१९३० च्या दशकात मेयोने राष्ट्रीय लीग सलग सहा वेळा जिंकली. १९३६ च्या अंतिम सामन्यात लीश संघाचा ४-११ विरुद्ध ०-५ असा पराभव करून मेयोने पहिले अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. १९४८ च्या अंतिम सामन्यात कॅव्हनकडून एका गुणाने हार पत्करावी लागली. मात्र शॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली १९५० मध्ये लाउथ व १९५१ मध्ये मीथ या संघांना हरवून संघाने लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. फ्लॅनगन पुढे आयर्लंडच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.

अंतिम फेरीतील पराभव

१९५१ नंतर मेयोला पुन्हा अंतिम फेरी गाठण्यास १९८९ उजाडले. त्या वर्षी कॉर्कने संघाला हरवले. १९९६ मध्ये मीथविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला व फेरसामना मेयोने गमावला. १९९७, २००४ व २००६ मध्ये केरीने, तर २०१२ मध्ये डोनेगॉलने विजय मिळवला. २००६ चा पराभव १३ गुणांचा होता.

यानंतरचे काही पराभव अत्यंत निसटते ठरले. डब्लिनविरुद्ध २०१३ चा अंतिम सामना, २०१६ चा फेरसामना आणि २०१७ चा अंतिम सामना हे तिन्ही मेयोने एकेका गुणाने गमावले. २०१६ च्या मूळ सामन्यात मेयोच्या खेळाडूंकडून दोन स्वयंगोल झाले होते, तरीही तो बरोबरीत सुटला. २०१७ मध्ये डब्लिनच्या डीन रॉक यांनी वाढीव वेळेत फ्री-किकवर निर्णायक गुण नोंदवला व सामना १-१७ विरुद्ध १-१६ असा संपला. २०२० मध्येही डब्लिनच विजयी ठरला. २०२१ च्या उपांत्य फेरीत मेयोने सलग सहा वेळचा विजेता डब्लिन यास अतिरिक्त वेळेत हरवले. परंतु अंतिम फेरीत टिरोनने मेयोचा २-१४ विरुद्ध ०-१५ असा पराभव केला.

शापाची आख्यायिका

या अपयशाशी एक आख्यायिका जोडली जाते. १९५१ चा विजयी संघ परतताना फॉक्सफर्ड गावात एका अंत्यविधीजवळून जल्लोष करीत गेला. त्यामुळे संतापलेल्या धर्मगुरूने, त्या संघातील सर्व खेळाडू हयात असेपर्यंतच नव्हे तर शेवटचा खेळाडू निधन पावेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही, असा शाप दिला, असे सांगितले जाते. या घटनेला समकालीन पुरावा आढळत नाही. त्या संघातील अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट यांचे निधन सप्टेंबर २०२१ मध्ये, टिरोनविरुद्धच्या पराभवानंतर काही दिवसांनी झाले.

इतर यश

मेयोने २०११ ते २०१५ या काळात कॉनॉट विजेतेपद सलग पाच वेळा, तर राष्ट्रीय लीग २००१, २०१९ व २०२३ मध्ये जिंकली. मेयोच्या महिला संघाने १९९९, २०००, २००२ व २००३ मध्ये अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. कोरा स्टाँटन या त्या संघातील प्रमुख खेळाडू होत्या.