अमृतसरची पंगत

प्रवासाला निघताना तुमच्या घरात सगळ्यात जास्त सामान कुणाचं असतं? आमच्याकडे माझ्या आईचं. सामान म्हणजे साड्या नव्हेत हं! दशम्या, धपाटे, तिळाची चटणी आणि फिरकीचा तांब्या भरून घरचं पाणी. परक्याच्या हातचं ती खात नाही. "कुणी केलं, कसं केलं, आपल्याला काय ठाऊक?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत मुलांना एका ओळीत बसवून खिचडी वाढणारी बाई, आणि माझ्याच घरात हे असं! पण आईपुढे माझं काही चालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अमृतसरला जायचं ठरलं, तेव्हा आईने आधी नाकच मुरडलं. मग मी तिला सांगितलं, "अगं, शिखांचा जो पवित्र ग्रंथ आहे ना, गुरू ग्रंथ साहिब, त्यात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. नामदेव महाराज पंजाबात जाऊन राहिले होते." नामदेवांचं नाव ऐकलं आणि स्वारी तयार झाली. डबा मात्र दुप्पट भरला. बरोबर माझा पाचवीतला भाचा. त्याला एकच काळजी, तिथे सोनं खरं आहे का!

आम्ही मनमाडहून सचखंड एक्सप्रेस धरली. ही गाडी नांदेडहून अमृतसरला जाते. म्हणजे शिखांच्या एका पवित्र शहरातून दुसऱ्या पवित्र शहरात. दहावे गुरू गोविंदसिंग यांचं 1708 साली नांदेडलाच निधन झालं, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. या गाडीची गंमत म्हणजे वाटेत काही स्टेशनांवर लोक बादल्या घेऊन उभे असतात आणि प्रवाशांना फुकट जेवण वाढतात. भाच्याने ताटली पुढे केली, भात-आमटी घेतली आणि बोटं चाटत खाल्ली. आईने खिडकीकडे तोंड करून दशमी सोडली.

पोचलो दुसऱ्या दिवशी रात्री. पहाटे उठून हरमंदिर साहिबला निघालो. आपण सुवर्णमंदिर म्हणतो ते हेच. बाहेर चपला ठेवायला जोडाघर आहे. तिथे चपला घेणारे लोक नोकर नसतात बरं का, आपखुशीने सेवा करायला आलेले असतात. कुणी दुकानदार, कुणी अधिकारी, काही कळत नाही. मग डोकं झाकायचं. भाचा टोपी घालून ऐटीत निघाला होता, पण टोपी चालत नाही, रुमाल बांधावा लागतो. दारात वाहत्या पाण्यात पाय धुऊन आत गेलो. संगमरवर असा गार की भाचा नाचायलाच लागला!

आपल्याकडे देवळात जायचं म्हणजे बहुतेक वेळा पायऱ्या चढायच्या. इथे उतरायच्या. मंदिर मुद्दाम खाली, तळ्याच्या पातळीला बांधलंय. चार बाजूंना चार दारं. कुठल्याही दिशेने या, कुठल्याही जातीचे या. चौथे गुरू रामदास यांनी 1577 च्या सुमारास हे गाव वसवलं आणि तळं खोदायला घेतलं. त्या तळ्याचं नाव अमृतसर, तेच पुढे गावाला मिळालं. मंदिर बांधलं त्यांचे पुत्र आणि पाचवे गुरू, अर्जनदेव यांनी. मंदिराचा पाया मियाँ मीर या मुसलमान सूफी संताच्या हातून घातला गेला, असं शीख परंपरा सांगते. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेला ग्रंथ इथे ठेवला गेला. त्यात शीख गुरूंच्या रचनांबरोबर कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत आणि आपले नामदेवही. विणकर, चांभार, सूफी, शिंपी, सगळे एका ग्रंथात!

पहाटे अकाल तख्तातून हा ग्रंथ पालखीत घालून मंदिरात आणतात. रात्री तसाच परत नेतात. पालखीला खांदा द्यायला लोकांची झुंबड. आईचे डोळे भरून आले. "अगदी माउलींच्या पालखीसारखं रे," असं ती भाच्याला म्हणाली. मग तळ्याकाठी बसून कीर्तन ऐकू लागली. शब्द कळत नव्हते, पण "यात आपले नामदेव कधी येतील?" असं दर पाच मिनिटांनी मला विचारत होती.

आणि सोनं? खरं आहे! एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंगांनी मंदिराला सोन्याचे पत्रे चढवले. पण त्याआधी या मंदिराने फार सोसलंय. 1762 मध्ये अहमदशाह अब्दालीने ते सुरुंग लावून उडवलं होतं. हा तोच अब्दाली, ज्याच्याशी पानिपतावर 1761 साली मराठे लढले. शिखांनी मंदिर पुन्हा बांधलं. समोरचं अकाल तख्त सहावे गुरू हरगोविंद यांचं. जून 1984 मध्ये आत शिरलेले सशस्त्र लोक आणि सैन्य यांच्यात इथे लढाई झाली. त्यात यात्रेकरू, सैनिक, खूप माणसं गेली आणि अकाल तख्ताची इमारत पार मोडली. ती नंतर लोकांनी कारसेवेने उभी केली. कारसेवा म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेलं काम. तळ्यातला गाळही असाच काढतात. 1923, 1973 आणि 2004 साली हजारो माणसांनी डोक्यावरून घमेली वाहिली.

तिथून चालत काही मिनिटांवर जालियनवाला बाग. धडा तुम्ही वाचलाय, म्हणून सगळं सांगत नाही. 13 एप्रिल 1919, बैसाखीचा दिवस. जनरल डायरने इशारा न देता गोळीबार करवला. सुमारे दहा मिनिटं, 1650 फैरी. सरकारी आकडा 379 मृतांचा, पण खरे बळी त्याहून खूप जास्त होते असं भारतीयांच्या चौकशीत निघालं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांना पांढऱ्या चौकटी आखल्या आहेत. भाच्याने एका खुणेत बोट घातलं आणि पटकन काढून घेतलं. नंतर बराच वेळ तो गप्पच होता. आत जायची ती अरुंद गल्ली 2021 साली नव्याने सजवली, भिंतींवर पुतळे लावले. मला ते आवडलं नाही. ती भिंत उघडीच बरी होती.

पण मुलांनो, त्या आधीच्या चार दिवसांची एक गोष्ट धड्यात नसते. 9 एप्रिलला रामनवमी होती. अमृतसरच्या मिरवणुकीत त्या वर्षी मुसलमानही सामील झाले आणि हिंदू-मुसलमान भर रस्त्यात एकाच भांड्यातून पाणी प्याले! तो काळ असा, की स्टेशनावर हिंदू पाणी वेगळं आणि मुस्लीम पाणी वेगळं. इंग्रज अधिकाऱ्यांना ही एकी पाहून धडकी भरली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू या दोन्ही पुढाऱ्यांना पकडून नेलं, आणि तिथून सगळं चिघळत गेलं. पुढे 1940 साली ज्या उधमसिंगांनी लंडनला ओड्वायरला मारलं, त्यांनी पोलिसांना आपलं नाव सांगितलं ‘मोहम्मद सिंग आझाद’.

हे मी भाच्याला सांगत होते. आई बाजूला फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडून पाणी पीत होती. तिने ऐकलं. बोलली काहीच नाही.

जवळच टाउन हॉलच्या जुन्या इमारतीत 2017 पासून फाळणीचं संग्रहालय आहे. लहान मुलांना ते जड जाईल, पण सातवी-आठवीच्या मुलांना पालकांनी जरूर न्यावं. तिथे एक फुलकारीचा कोट आणि एक चामडी बॅग आहे. त्यांचे मालक म्हणजे लग्न ठरलेली दोघं तरुण माणसं. फाळणीत त्यांची ताटातूट झाली आणि पुन्हा भेट झाली अमृतसरच्या निर्वासितांच्या छावणीत, जेवणाच्या रांगेत!

रामबाग आणि गोविंदगड किल्ला आम्ही धावतपळत पाहिले. दुर्गियाना मंदिरही पाहिलं. तेही तळ्याच्या मधोमध, सुवर्णमंदिराच्याच धर्तीवर बांधलेलं. पण भुकेने पोटात कावळे ओरडत होते, म्हणून परत लंगरकडे वळलो.

लंगर म्हणजे गुरूंचं सार्वजनिक स्वयंपाकघर. पहिले गुरू नानक यांच्यापासूनची ही प्रथा. इथे रोज पन्नास हजारांच्या वर माणसं जेवतात, सणावाराला लाखाच्या घरात. रात्रंदिवस, फुकट, आणि सगळे जमिनीवर एका ओळीत. तिसरे गुरू अमरदास म्हणत, भेटायचं तर आधी पंगतीत बसा. बादशहा अकबरालाही तसंच बसावं लागलं, अशी कथा सांगतात. आत माणूस बुडेल एवढ्या कढयांत डाळ शिजत होती. एका यंत्रातून पोळ्या धडाधड पडत होत्या, तर पलीकडे बायका पोळ्या लाटत बसल्या होत्या.

आई म्हणाली, "मी नुसती बसते तुमच्याजवळ." पण पंगतीत नुसतं बसता येत नाही. पुढ्यात ताट आलंच. डाळ आली, खीर आली. मग पोळीवाले सरदारजी आले, "परशादा जी!" इथे पोळीला परशादा म्हणतात आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते, ताटात टाकत नाहीत. आईच्या डावीकडे डोक्यावर विटांच्या खुणा असलेली एक मजूर बाई, उजवीकडे कुणी परदेशी मुलगी. दोघींचे हात पुढे. सरदारजी आईसमोर थांबून राहिले. ओळ खोळंबली.

आईने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?"

"संगत ने, माताजी," ते म्हणाले. म्हणजे सगळ्यांनी.

आता सगळ्यांची जात कशी विचारणार? आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले.

जेवून उठल्यावर आम्हाला ती सापडेचना. भाचा शोधून आला, "मावशी, आजी लसूण सोलतेय!" खरंच! ढिगाभोवती पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, त्यात आई. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, तरी गप्पा जोरात चालल्या होत्या. तास झाला तरी बाई उठायला तयार नाही.

परतीच्या गाडीत आईने डबा उघडला. दशम्या बऱ्याच उरल्या होत्या. समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं. आईने चार दशम्यांवर चटणी घालून त्यांच्यापुढे धरल्या, "घ्या ना, घरच्या आहेत."

ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "नको आजी, माफ करा, आम्ही प्रवासात अनोळखी माणसाचं काही खात नाही."

आई मनमाडपर्यंत धुमसत होती. "एवढं काय ते मेलं सोवळं!"