२१ दिवसांचं आतडं

गोळी गिळली की औषध शरीरात गेलं, असं आपण धरून चालतो. पण औषध रक्तात उतरायचं तर आधी त्याला लहान आतड्याचं अस्तर ओलांडावं लागतं. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचं, तरीही रोगावर उत्तम काम करणारे कित्येक रेणू तिथेच अडतात. कोणता रेणू पार होईल आणि कोणता अडेल, याचा अंदाज माणसाला औषध देण्याआधीच यावा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा तीन दशकांहून अधिक काळ ज्या पेशी वाढवत आहेत, त्यांचं नाव काको-२.

या पेशींचं मूळ कर्करोगात आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत १९७०च्या दशकात योर्गेन फॉग माणसांच्या गाठींपासून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी, तयार करत होते. ७२ वर्षांच्या एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून काको-२ मिळाली. मोठ्या आतड्यातून आलेल्या या पेशी दाटीने वाढून एकमेकींना भिडल्या, की आपोआप लहान आतड्यातल्या शोषक पेशींची लक्षणं दाखवू लागतात, हे १९८३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं. पेशींच्या वरच्या अंगाला सूक्ष्म अंकुरांची दाट लव येते, साखर पचवणारी विकरं तयार होतात आणि शेजारच्या पेशींमधल्या फटी घट्ट सांधल्या जातात. १९८९ मध्ये हिदाल्गो, रॉब आणि बोर्चार्ट या अमेरिकी संशोधकांनी हाच थर औषधशोषणाचा नमुना म्हणून पुढे आणला.

प्रयोगाची मांडणी साधी आहे, निगराणी मात्र कडक. प्लास्टिकच्या छोट्या कपाला तळाशी सच्छिद्र पटल असतं. त्यावर पेशी पेरतात आणि तो कप पोषक द्रवाच्या खळग्यात टांगतात. वरचा कप्पा म्हणजे आतड्याची पोकळी, खालचा म्हणजे रक्ताची बाजू. द्रव दर एक-दोन दिवसांनी बदलत सुमारे २१ दिवस पेशी सांभाळायच्या. मग थराला विद्युतरोध किती आहे ते मोजायचं. रोध कमी भरला तर थराला कुठेतरी फट आहे, आणि तो थर बाद. थर पास झाला की वरच्या कप्प्यात औषध घालून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचं आणि ठरावीक वेळाने खालून नमुने काढायचे. औषध पलीकडे जाण्याच्या वेगाला थराचं क्षेत्रफळ आणि सुरुवातीची संहती यांनी भागलं, की पारगम्यतेचा आकडा मिळतो.

त्या आकड्याला अर्थ दिला तो स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या पेर आर्टुर्सन आणि योहान कार्लसन यांनी. १९९१ मध्ये त्यांनी २० औषधांचे काको-२ वरचे आकडे माणसातल्या शोषणाशेजारी ठेवले, तेव्हा दोहोंत स्पष्ट मेळ दिसला. रक्तदाबावरची दोन ओळखीची औषधं पाहिली तरी हे पटतं. मेटोप्रोलॉल मेदाळ पेशीपटलातून सहज जातं आणि माणसात जवळपास पूर्ण शोषलं जातं. पाण्यात रमणारं अ‍ॅटेनोलॉल सुमारे निम्मंच शोषलं जातं, आणि काको-२ वरही ते मागेच राहतं.

उलट दिशेने केलेला प्रयोग आणखी एक गुपित उघड करतो. काही औषधं पेशीत शिरतात, पण पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन त्यांना परत आतड्याच्या पोकळीत ढकलतं. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. अशा औषधाचा खालून वर जाण्याचा वेग वरून खाली येण्याच्या वेगाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरला, तर संशोधक सावध होतात. हे प्रथिन रोखणारं दुसरं औषध सोबत घेतल्यास रक्तातली मात्रा धोकादायक वाढू शकते, याची चाहूल रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच लागते.

काको-२ च्या उणिवाही ठाऊक असायला हव्यात. तिच्या सांध्यांतल्या फटी लहान आतड्यापेक्षा अरुंद असतात, म्हणून पेशींच्या मधून जाणाऱ्या औषधांचं शोषण ती कमी दाखवते. तिच्यावर श्लेष्माचा थर नसतो, आणि कित्येक औषधांचं विघटन करणारं सीवायपी३ए४ हे विकर तिच्यात नगण्य असतं. पेशी किती पिढ्या वाढवल्या, कशा सांभाळल्या यावरही आकडे हलतात. म्हणून श्लेष्मा बनवणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी तिच्यासोबत वाढवतात. घाई असेल तेव्हा काही दिवसांतच थर धरणाऱ्या, कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या एमडीसीके पेशी वापरतात. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या संस्थेत डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने काको-२ पेशी चिपवर वाढवल्या. वाहता द्रव आणि आतड्यासारखी लयबद्ध हालचाल मिळताच त्या पेशींनी अंकुरासारख्या घड्या घेतल्या.

तरी जुनी पद्धत टिकून आहे, कारण ती स्वतःची परीक्षा देते. प्रयोगशाळेने जास्त, मध्यम आणि कमी पारगम्यतेची परिचित औषधं आधी आपल्या थरावर चालवून पद्धत सिद्ध करायची, असा नियम आहे. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच एम९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार, औषध निष्क्रियपणे पार होत असेल तर असा सिद्ध पुरावा पारगम्यता ठरवायला ग्राह्य धरता येतो. विद्राव्यतेच्या आणि इतर अटीही पुऱ्या झाल्या, तर जेनेरिक गोळीसाठी निरोगी स्वयंसेवकांवरची चाचणी माफ होऊ शकते. जेनेरिक औषधं जगभर पुरवणाऱ्या आपल्या देशाला याचं मोल मोठं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवतं, ते म्हणूनच महत्त्वाचं. एका माणसाच्या शरीरात औषध भरून रक्त काढण्याआधी जे पेशींना विचारता येतं ते पेशींनाच विचारावं, आणि पेशींच्या उत्तराची मर्यादा ओळखूनच पुढे जावं, ही शिस्त या थराने औषधशास्त्राला लावली.