तीस दिवस झाले की भगोडा?

‘रजा संपून ३० दिवस उलटले की जवान आपोआप भगोडा, आणि भगोड्याला फाशी.’ हे वाक्य किती वेळा ऐकायचं? आईचं आजारपण लांबलं म्हणून मुलगा गावात अडकला, की त्याच्या घरच्यांना हे ऐकवणारा जाणकार कुठून तरी हजर होतोच. वाक्य एक, चुका दोन.

लष्कर कायदा, १९५० मध्ये गुन्हे दोन आहेत. कलम ३८ पळून जाण्याचं, कलम ३९ विनापरवाना गैरहजेरीचं. रजा संपूनही न परतणं ३९ मध्ये येतं, तेही ‘पुरेशा कारणाशिवाय’ असेल तरच. कमाल शिक्षा ३ वर्षं कैद.

मग ३० दिवस आले कुठून? कलम १०६ मधून. एवढे दिवस विनापरवाना गैरहजर असलेल्याबद्दल ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते आणि गैरहजेरीची नोंद करते. त्यानंतरही तो हजर झाला नाही, सापडला नाही, तर कायद्याच्या कामापुरता त्याला पळालेला मानतात. जाणकार इथेच थांबतात. अहो, मानणं वेगळं आणि कोर्ट मार्शलमध्ये गुन्हा शाबीत होणं वेगळं! त्यासाठी हेतू दिसावा लागतो : कधीच न परतण्याचा, किंवा आघाडीवर जाण्यासारखं महत्त्वाचं कर्तव्य चुकवण्याचा. शंका असेल त्यांनी वीरेंद्रकुमार विरुद्ध लष्करप्रमुख हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा निकाल वाचावा. दीर्घ गैरहजेरी, वेषांतर, पकडून आणावं लागणं यांवरून हेतूचा अंदाज करता येतो, पण तेवढ्याने तो सिद्ध होत नाही. कलम १०६ ची नोंदही निर्णायक नाही. उलट, मोहिमेचा हुकूम चुकवायला कुणी चारच दिवस दडी मारली, तरी ते पलायन ठरू शकतं.

राहिली फाशी. ती कमाल शिक्षा फक्त सक्रिय सेवेत किंवा तसा हुकूम मिळालेला असताना पळालेल्यासाठी. एरवी मर्यादा ७ वर्षं कैदेची.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. फाशीच्या भीतीने लपून बसलेला जवान स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच वाढवत असतो. दवाखान्याचे कागद जपावेत, युनिटला कळवत राहावं आणि लवकर हजर व्हावं.

आता किरकोळ गैरसमज.

‘वरिष्ठाचा कुठलाही हुकूम मोडला की गुन्हा.’ कलम ४१ ला ‘कायदेशीर’ हुकूमच अभिप्रेत आहे.

‘जवानाने केलेला खून कोर्ट मार्शलकडेच जातो.’ मृत व्यक्ती लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरची असेल, तर कलम ७० नुसार खटला नेहमीच्या न्यायालयात. अपवाद : सक्रिय सेवा, परदेश किंवा अधिसूचित सीमाचौकी.

‘कोर्ट मार्शल झालं म्हणजे नोकरी गेली.’ कोर्ट मार्शल हा खटला आहे, शिक्षा नव्हे. त्यात निर्दोष सुटकाही होते.

‘त्यावर अपील नाही.’ २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं. त्याचं एक पीठ मुंबईतच आहे.