दुसरी प्रत दुसऱ्या घरी

आमच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने पंचीकरणाचा विषय चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला, आणि ते कापड आजही गावात जपलेले आहे. पाहणारा अक्षरांनी आणि आकृत्यांनी थक्क होतो. मला मात्र ती पाहताना धडकी भरली, कारण हे कापड एकच आहे. चारशे वर्षांत वाळवी, ओल, उंदीर किंवा दिव्याची एखादी ठिणगी यातले काहीही एकदा घडले असते तरी पुरे होते. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून राखली म्हणून ती उरली.

लीळाचरित्राचे नशीब निराळे. गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या पांचाळेश्वरला महानुभावांचे मोठे स्थान आहे, त्या पंथाचा हा आद्य ग्रंथ, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेला. परंपरा सांगते की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. ग्रंथ मात्र राहिला, कारण हिराइसेसारख्या शिष्यांना तो मुखोद्गत होता. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. थोडे थोडे वेगळे पाठ तयार झाले, पण ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

घरातल्या कॉम्प्युटरमधला डेटा पासोडीसारखा असतो: प्रत एकच. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी नसते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या, साठेक असतील. बॅकअपही घेतला होता, असे मी समजत होतो. सगळे ‘सी ड्राइव्ह’मध्ये आणि त्याचीच नक्कल ‘डी ड्राइव्ह’मध्ये. एके दिवशी लाइट जाऊन आली, मशीन सुरू झाले नाही, आणि सी-डी दोन्ही एकदम गेले. कारण ते दोन ड्राइव्ह नव्हतेच. एकाच हार्ड डिस्कचे ते दोन भाग, एकाच खोलीत मध्ये पडदा लावल्यासारखे. खोलीला आग लागली तर पडद्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही जळते. आत्या तोवर गेलेली होती.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत आणि दुकानांत आजही हीच समजूत आहे, म्हणून सुरुवात इथूनच करू. हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून वाचणारे डोके काही नॅनोमीटरवरून तरंगत जाते. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा, यावरून ते अंतर किती कमी आहे ते समजावे. चालू डिस्कला धक्का बसला की ते डोके चकतीला घासू शकते. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारे काही नसते, तिथे एसएसडी असते. ती धक्के सोसते, पण बंद पडताना अनेकदा आवाज करत नाही की पूर्वसूचना देत नाही. शिवाय जुन्या डिस्कवरून फाइल डिलीट केली तर फक्त तिची नोंद पुसली जाते, मजकूर वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच असतो आणि जाणकार तो परत काढू शकतो. एसएसडीवर मोकळी झालेली जागा बहुधा लगेच साफ होते. ‘कुणीतरी रिकव्हर करून देईल’ हा भरवसा आता पूर्वीइतका उरलेला नाही.

आता बॅकअप कशाचा घ्यायचा? सगळ्याचा नाही. सातबारा महाभूलेखवरून पुन्हा काढता येतो, आधार पुन्हा डाउनलोड होते, अनेक गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात. विंडोज आणि इतर सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येते, सिनेमे पुन्हा मिळतात. जे पुन्हा जगात कुठेही मिळणार नाही ते आधी काढा: लग्नाचे फोटो, म्हाताऱ्यांचे आवाज, स्वतःचे लेखन, मुलांचे प्रकल्प, शाळेच्या मास्तरांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या प्रश्नपत्रिका. मोंढ्यातल्या दुकानदाराचा टॅलीचा डेटाही त्यातच. जुने खरेदीखत, मोडीतले कागद यांचे स्कॅनही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात मराठवाड्यातली जुनी दप्तरे कुणबी नोंदींसाठी उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे आले, तेव्हा एखाद्या जुन्या कागदाला केवढे मोल येते ते गावोगाव लोकांनी पाहिले आहे. तसा कागद घरात असेल तर त्याचा फोटो आजच काढा.

या फायली असतात कुठे? विंडोजमध्ये सी ड्राइव्ह उघडून ‘यूजर्स’मध्ये आपल्या नावाचे फोल्डर पाहा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे त्यात. टॅलीसारखी सॉफ्टवेअर आपला डेटा वेगळ्याच जागी ठेवतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्येच जागा पाहून घ्या आणि त्याच्या स्वतःच्या बॅकअपच्या पर्यायाने प्रत काढा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की आकार कळतो. सगळ्यांची बेरीज करा. समजा २०० जीबी भरले.

त्याच्या किमान दुप्पट जागेची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, म्हणजे ५०० जीबी किंवा १ टीबी. पेनड्राइव्ह या कामाला नको. तो हरवतो, बाजारात खोटी क्षमता दाखवणारे पेनड्राइव्ह पुष्कळ आहेत, आणि अनेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेले असतात, ज्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो तो यामुळे.

पहिली प्रत हाताने काढा. डिस्कवर तारखेचे फोल्डर करा, त्यात कॉपी-पेस्ट. यात ‘कट’ करू नका. मध्येच लाइट गेली तर धड इथेही नाही आणि तिथेही नाही अशी गत होऊ शकते. डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावली आणि फायली मोठ्या असल्या तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि २०० जीबी पाऊण तासाच्या आत होतात. जुन्या पोर्टला तेच काम दोन तास घेते. हजारो लहान फोटो असतील तर दोन्हीकडे जास्त. ज्या दिवशी भारनियमन नाही तो दिवस निवडा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, आणि शेवटी ‘सेफली रिमूव्ह’ करूनच वायर काढा, कारण पडद्यावर काम संपलेले दिसले तरी थोडे लिहिणे मागे चालू असू शकते.

पुढच्या वेळेपासून हे काम विंडोजच्याच ‘फाइल हिस्टरी’वर सोपवता येते. कंट्रोल पॅनेलमध्ये ते सापडते. डिस्क लावून ‘टर्न ऑन’ करायचे. ठरावीक अंतराने ते बदललेल्या फायलींची प्रत काढते आणि, माझ्या मते सर्वांत मोलाचे म्हणजे, जुनी आवृत्तीही ठेवते. आपली चूक आपल्याला त्याच दिवशी क्वचितच कळते. एखाद्या शिक्षकाने गेल्या वर्षीच्या निकालाच्या शीटवरच यंदाचा निकाल भरून सेव्ह केला आणि ते दोन महिन्यांनी लक्षात आले, तर ताज्या प्रतीत चुकीचीच शीट असणार. तिथे दोन महिन्यांपूर्वीची प्रत कामाला येते. मॅक असेल तर हेच काम ‘टाइम मशीन’ करते.

मात्र डिस्क कायम जोडून ठेवू नका. आठवड्याला एकदा लावा, प्रत काढा, काढून कपाटात ठेवा. खंडणी मागणारे व्हायरस २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार केला तेव्हापासून सगळ्यांना माहीत झाले. ते कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद करतातच, जोडलेल्या डिस्कवरच्याही करतात. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

‘माझे सगळे गूगलवर आहे’ असे अनेक जण सांगतात. चांगलेच आहे, पण ते काय असते ते नीट समजून घ्या. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह कॉम्प्युटरशी जुळवून ठेवलेले असते, तेव्हा इकडे झालेला बदल तिकडेही होतो. इकडे डिलीट केले की तिकडेही जाते, ३० दिवस कचऱ्यात राहते आणि मग कायमचे पुसले जाते. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ दाबले की फोनवरचे फोटो निघून जातात. त्या क्षणी क्लाउडवरची प्रत ही एकुलती एक प्रत झाली. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यातच जीमेल आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही मोजला जातो. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करून पुसू शकते, तेव्हा गावी असलेल्या वडिलांच्या नावावर काढलेले खाते अधूनमधून उघडत राहा. वेगाचा हिशेबही आहे: अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर २०० जीबी चढवायला सलग ४४ तास लागतील. म्हणून क्लाउडवर सर्वांत मोलाचे थोडे ठेवावे आणि बाकीचे डिस्कवर.

आता कपाटातली डिस्क. २३ जुलै १९८९ रोजी बीड शहरात बिंदुसरेला पूर आला, वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, माणसे गेली. ज्यांनी तो पाहिला ते आजही ढग भरून आले की नदीकडे पाहतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्यांनी पुन्हा घरे-शेते बुडवली. असे पाणी घरात शिरते तेव्हा कॉम्प्युटर आणि कपाटातली डिस्क एकाच घरात असून काही उपयोग नसतो. तीच गोष्ट चोरीची आणि आगीची. जाणकारांचा ‘३-२-१’ हा नियम यातूनच आला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

दुसरे ठिकाण शोधायला बीड जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही, कारण प्रत्येक घरातले कुणी ना कुणी पुण्याला असतेच. दोन डिस्क घ्या. एक आपल्याकडे, एक पुण्याच्या भावाकडे. दिवाळीला तो आला की डिस्क बदलायच्या. नवी प्रत असलेली तो घेऊन जातो, जुनी आपल्याकडे राहते. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा एकदा. डिस्क हरवली तर घरचे कागद परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून तिला पासवर्ड घालता येतो, आणि घालावा. मात्र तो पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक हवा. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ती लिपी पंथाबाहेर कुणाला उलगडत नव्हती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल होईपर्यंत ते साहित्य बाहेरच्या वाचकांना बंदच राहिले. तुमच्या मागे तुमचा पासवर्ड कुणालाच माहीत नसला तर मुलांच्या हाती फक्त एक बंद डबी उरेल.

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते, ती फाँटची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटमध्ये लिहिले. त्या फायली आज उघडल्या आणि तो फाँट मशीनवर नसला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. प्रत सुरक्षित आहे, पण वाचता येत नाही. म्हणून जुन्या फायलींसोबत त्यांचे फाँटही जपा, आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. सोबत एक पीडीएफ ठेवा, त्यात फाँट आतच बांधलेला असतो. पेजमेकरच्या फायली असतील तर हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

आवाजाचेही तसेच आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या १९९६ साली टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात. वीस वर्षांनंतर ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने त्या इंटरनेटवर आणल्या. टेप वेळेत संगणकावर उतरवल्या गेल्या म्हणूनच आज आपण त्या मोबाइलवर ऐकू शकतो. घरात कॅसेट असतील तर त्या वाजवणारे यंत्र चालू आहे तोवर उतरवून घ्या.

शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत: प्रत उघडून पाहणे. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून डेटा पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती असूनही एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तास आधी काढलेली एक प्रत सापडली म्हणून ते सावरले. वर्षातून दोनदा डिस्क दुसऱ्याच मशीनला लावा, स्वतःच्या नाही. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फायली उघडा. फोटो पूर्ण उघडतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, टॅलीचा डेटा रिस्टोअर होतो का ते पाहा. डिस्क खरखर करत असली किंवा पाच-सहा वर्षांची झाली असली तर नवी घ्या.

आत्याच्या साठ ओव्यांपैकी अकरा राहिल्या. आतेभावाने आईचा आवाज म्हणून त्या स्वतःच्या लॅपटॉपवर पुण्याला नेल्या होत्या. आता त्या दोन डिस्कवर आणि एका क्लाउड खात्यात आहेत. गेल्या दिवाळीला डिस्क बदलताना आम्ही त्या भाच्याच्या लॅपटॉपवर लावून पाहिल्या. अकराही वाजल्या. सातवीत जात्याची घरघर थांबते, आत्या कुणाला तरी ‘दाणे सांडू नको गं’ म्हणते आणि पुन्हा गायला लागते.