पायली म्हणजे किती किलो?

कर्जतच्या बाजारात तांदूळ घेताना नव्या पिढीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "पायली म्हणजे किती किलो हो?" दुकानदार एक आकडा सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि व्यवहार पुढे जातो. पण या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही, कारण किलो वजन सांगतो आणि पायली जागा सांगते. कशाची पायली, हे आधी विचारायला हवं.

तांदळाची की भाताची?

आपल्याकडे 'भात' या एका शब्दात तीन गोष्टी येतात: शेतात उभं पीक, टरफलासकटचा दाणा आणि ताटात वाढलेलं अन्न. बोरघाट चढून वर गेलं की टरफलाच्या दाण्याला 'साळ' म्हणतात, म्हणून तिकडे घोटाळा कमी होतो. मापाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. एक लिटरचा डबा घ्या. त्यात सडलेला तांदूळ साधारण ८०० ग्रॅम मावतो, भात मात्र ५५० ते ६०० ग्रॅमच. डबा तोच, वजन वेगळं. पायलीचंही तसंच. आणि दोन मापं भात गिरणीत नेला की घरी जेमतेम एक माप तांदूळ येतो, हे इथल्या कुठल्याही शेतकरणीला आकडेमोड न करता माहीत असतं.

शेर दोन प्रकारचे

सगळ्यात जास्त गोंधळ शेराने घातला आहे. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे वजनाचा एक मण, सदतीस किलोंपेक्षा थोडा जास्त. छटाक, पावशेर, पासरी ही सगळी याच घरातली. पासरी म्हणजे पाच शेर, हे तिच्या नावातच ऐकू येतं. दुसरा शेर मापाचा. तो तराजूत बसत नाही, धान्याच्या राशीत बुडतो. दोघांचं नाव एक असल्यामुळे जुन्या कागदात नुसतं 'दोन शेर' वाचलं तर ते तोलून की मापून, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

चिपट्यापासून खंडीपर्यंत

मापाच्या घराण्यात बहुतेक ठिकाणी दुपटीचा हिशोब चालतो. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. इथपर्यंत वाट सरळ आहे. पुढे गावागावाचं शहाणपण सुरू होतं. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. वीस मणांची खंडी हे घाटावरच्या कोष्टकात पक्कं, पण मुंबईच्या जुन्या धान्यबाजारात 'फरा' नावाचं माप होतं आणि अशा आठ फऱ्यांची खंडी धरत. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि कर्जत मुंबई-पुण्याच्या रुळावर आलं. एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला घाट. अशा जागी 'आमची खंडी' आणि 'तुमची खंडी' हा वाद नवलाचा नाही. म्हणून आजोबांच्या वहीत 'अमुक खंडी भात' दिसला तर तो घाईने क्विंटलमध्ये मांडू नये.

शीग की सपाट

माप भरण्याच्या दोन रीती. काठावरून हात किंवा पट्टी फिरवून जादा दाणे खाली पाडले की ते सपाट माप. काठाच्या वर दाण्यांचा डोंगर टिकेल तेवढा ठेवला की ती शीग. भांडं बदलत नाही, धान्य बदलतं, आणि तेही चांगलं पसाभर. घरच्या घरी हा फरक मायेचा असतो: शेजारणीला उसने तांदूळ परत करताना बायका शीग लावून देतात. पण मजुरी, बलुतं, कर्जाऊ भात आणि कुळाने द्यायचा खंड जिथे मापाने चुकता होई, तिथे शीग हा पोटाचा प्रश्न होता. देणाऱ्याने सपाट द्यायचं आणि घेताना शीग लावून घ्यायचं, अशी तक्रार जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकू येते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं, तेव्हा खंडासोबत ही शीगही सुटली. मापांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कोष्टकं खूप जपली, शिगेकडे मात्र पुरेसं लक्ष दिलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मोजणाऱ्याची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते.

हात, पान आणि वाटा

भांडं नसलं तरी माप असतं. चिमूट बोटांची, मूठ मिटलेल्या हाताची, पसा उघड्या तळव्याच्या खळग्याचा, ओंजळ दोन्ही हातांची. काहीजण ओंजळीलाही पसाच म्हणतात. मे महिन्यात डोंगरातून करवंदं, जांभळं घेऊन येणाऱ्या ठाकर, कातकरी बाया ती पानाच्या द्रोणात भरून विकतात किंवा फडक्यावर वाटे मांडतात. 'वाटा' म्हणजे विकणारीने डोळ्यांनी ठरवलेला ढीग. त्याला तराजू लागत नाही. भाव वाट्याचा, आणि वरून दोन दाणे मागून घ्यायचे.

पाण्याची भांडी

हंडा, घागर आणि कळशी या तिन्हींना हल्ली सरसकट 'हंडा' म्हणतात. हंडा मोठ्या पोटाचा, डोक्यावर चुंबळ ठेवून न्यायचा. घागर आटोपशीर, गळ्याला अरुंद; ती मातीचीही असते. कळशी त्याहून लहान, कमरेवर बसणारी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांवर हा फरक नेमका कळतो, कारण तिथे खेपा मोजल्या जातात. घरात आल्यावर तांब्या, गडू, फुलपात्र. तांब्याचं पोट गोल, गळा आखूड. गडू लहान चणीचा. फुलपात्र पिण्यापुरतं, काठ बाहेर वळलेला. पुण्याकडचं पातेलं आपल्याकडे बहुधा 'टोप' असतं आणि उलथनं 'कालथा'. आगरी घरात मासळीच्या कालवणाची मातीची 'तवली' वेगळीच. तिला टोप म्हटलेलं कुणाला चालत नाही.

उंबरठ्यावरचं माप

दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. दुकानातून शेर गेला. लग्नघरात मात्र नवरीने उंबरठ्यावर तांदळाने भरलेलं माप पायाने लवंडून आत यायचं असतं, आणि तिथे किलोचं वजन ठेवता येत नाही. बऱ्याच घरी आता तांब्या किंवा कलश ठेवतात. ज्यांना खरं माप हवं असतं, ते आदल्या संध्याकाळी माळ्यावरून शेर शोधून काढतात. नसला तर चार घरं सोडून एखाद्या म्हातारीकडे मागायला जातात. ती तो चिंचेने घासून, पुसून देते आणि परत करताना रिकामा आणू नका, म्हणून बजावते.