विषाणू दबला, तरी पेशी का वाढत नाहीत?

एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होतो. तरीही काही रुग्णांच्या सीडी-४ पेशी पुरेशा वाढत नाहीत. असे का?

सीडी-४ हे या पांढऱ्या पेशींवरचे ग्राही प्रथिन, म्हणजे रिसेप्टर. त्यालाच धरून एचआयव्ही आत शिरतो. अशा काही रुग्णांच्या रक्तात सीडी-४ विरुद्धच प्रतिपिंडे आढळली आहेत. ती पेशीला चिकटली, की शरीरातल्याच नैसर्गिक मारक पेशी तिला नष्ट करतात, असे प्रयोगशाळेत दिसले. कुंपणच शेत खाते!

अर्थात, हे एकमेव कारण नव्हे. उपचारांना झालेला उशीरही भोवतो. मात्र आकडा वाढत नाही म्हणून गोळ्या सोडू नका. त्या थांबल्या, की दबलेला विषाणू पुन्हा उसळतो.